वाद्यवृंदाचा सूत्रधार : झुबिन मेहता आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संगीतावर एखादा लेख असावा, ही आता रूढीच झाली आहे. आणि असा लेख बहुधा एखाद्या थोर गायकावर किंवा नाट्यसंगीताच्या वैभवकाळावर लिहिला जातो. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी ही नावे आपल्या घराघरांत इतकी रुळलेली आहेत की, त्यांच्याविषयी नव्याने सांगण्यासारखे फार थोडे उरले आहे. म्हणून या खेपेस आम्ही वाचकांपुढे एका निराळ्याच कलावंताची कारकीर्द ठेवीत आहोत. हा कलावंत व्यासपीठावर गात नाही, कोणतेही वाद्य वाजवीत नाही, आणि मैफल चालू असताना त्याची पाठ श्रोत्यांकडे असते. तरीही शंभर वादकांच्या हातून जे संगीत उमटते, ते त्याच्या नावाने ओळखले जाते. मुंबईत जन्मलेले आणि जगातील अग्रगण्य वाद्यवृंदांचे संचालन केलेले झुबिन मेहता हे ते कलावंत होत.

हा विषय छत्तीसगढच्या वाचकाला वाटतो तितका परका नाही. आपल्या उत्तरेस, विंध्याच्या कुशीत मैहर हे एक छोटे संस्थान होते. तेथे १९१८ च्या सुमारास उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी राजा ब्रिजनाथसिंहांच्या आश्रयाने अनाथ मुलामुलींना हाताशी धरून एक वाद्यवृंद उभा केला. सतार, सरोद व तबल्याच्या जोडीला त्यांनी व्हायोलिन आणि चेलो बसविले. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचा 'नलतरंग' बनविला. रागदारीचे शिक्षण गुरूच्या समोर एकट्याने बसून घ्यावयाचे असते, अशी दृढ समजूत असलेल्या काळात 'अनेकांनी मिळून एक संगीत' हा विचार बाबांनी प्रत्यक्षात आणून दाखविला. मैहर बँड म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला. झुबिन मेहतांच्या चरित्रात हे मैहर एकदा अनपेक्षितपणे भेटणार आहे; त्याचा उल्लेख योग्य ठिकाणी येईलच.

तत्पूर्वी, वृंदसंचालक म्हणजे नेमके काय करणारा मनुष्य, हे सांगणे अवश्य आहे. आपल्या मैफलीत गायक हाच कर्ता असतो. बंदिश पूर्वजांची असली तरी तिचा विस्तार त्या क्षणी त्याच्या गळ्यातून होतो. तबलजी व पेटीवाला त्याला अनुसरतात आणि समेवर सगळे एकत्र येतात. पाश्चात्त्य अभिजात संगीताची रीत याहून वेगळी आहे. तेथे रचनाकाराने प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर आधीच लिहून ठेवलेला असतो. वादकासमोर त्याच्यापुरते पान असते. समग्र रचना, म्हणजे वीस-पंचवीस ओळी एकाखाली एक मांडलेली स्वरलिपी, फक्त संचालकापुढे असते. लय किती द्रुत ठेवावी, तुतारीच्या जातीच्या वाद्यांनी तंतुवाद्यांना कोठे झाकू नये, पहिला हुंकार कोणी द्यावा, शांततेचा क्षण किती लांबवावा, याचे निर्णय त्याचे असतात. त्यांतील बहुतेक निर्णय तालमीत होतात. मैफलीच्या दिवशी दिसणारी हातातील छडी ही त्या श्रमांची केवळ शेवटची खूण असते. आपल्या नाट्यपरंपरेत 'सूत्रधार' हा शब्द आहे. वृंदसंचालकाला आम्हांस तोच अधिक शोभतो असे वाटते.

झुबिन मेहतांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईच्या एका पारशी कुटुंबात झाला. वडील मेहली मेहता (१९०८-२००२) हे मोठ्या जिद्दीचे व्हायोलिनवादक. मुलाच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १९३५ साली, त्यांनी 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' स्थापन केला होता. त्या वाद्यवृंदात पारशी होते, युरोपीय होते, आणि मुंबईत पोटासाठी आलेले गोमंतकीय वादक होते. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून स्वरलिपी वाचावयास शिकलेल्या या गोमंतकीयांनीच पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताची अर्धी बाजू सांभाळली, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. दिवसा किंवा रात्री अन्यत्र नोकरी करावयाची आणि उरलेल्या वेळात बेथोव्हेनची तालीम करावयाची, असा हा हौशी व व्यावसायिक वादकांचा मिश्र संसार होता. घरातच तालीम, घरातच शिकवणी, घरातच तबकड्यांचे श्रवण, अशा वातावरणात झुबिनचे कान तयार झाले. किशोरवयातच तो वडिलांना तालमीत साहाय्य करू लागला होता.

परंतु हा संसार टिकावयाचा नव्हता. मेहलींच्या हाताशी कायम वेतन देणारी संस्था नव्हती, मोठ्या रचनांना लागणारी सगळी वाद्ये नव्हती, आणि नव्या वादकांची पिढी घडविणारे विद्यालयही नव्हते. १९४५ साली ते न्यूयॉर्कला प्रख्यात गुरू इव्हान गलामियन यांच्याकडे पुढील अध्ययनासाठी गेले. काही वर्षांनी परतून त्यांनी पुन्हा मुंबईत खटपट केली. अखेर १९५५ मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि इंग्लंडमधील मँचेस्टर येथे जॉन बार्बिरोली यांच्या हॅले वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून जागा घेतली. स्वतः वाद्यवृंद स्थापन करणाऱ्या मनुष्याने सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या वाद्यवृंदात बसावे, यातली वेदना समजावयास संगीत कळावे लागत नाही.

झुबिनला आधी वैद्यकाकडे वळविण्याचा घरचा विचार होता व त्याप्रमाणे सेंट झेवियर महाविद्यालयात त्याचे शिक्षणही सुरू झाले होते. ते सोडून १९५४ साली, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला गेला. तेथे त्याने हान्स स्वारोव्स्की या गुरूचे शिष्यत्व पत्करले. स्वारोव्स्की भावनेचे प्रदर्शन करणाऱ्या हातवाऱ्यांचे वैरी होते. आधी रचनेचा सांगाडा ओळखा, तिचे वाक्य कोठे सुरू होते व कोठे संपते हे जाणा, मग हात हलवा, अशी त्यांची शिकवण होती. क्लाउडिओ अब्बाडो हा पुढे जगद्विख्यात झालेला इटालियन संचालक तेथे झुबिनचा सहाध्यायी. थोर संचालकांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून दोघांनी तेथील गायकवृंदात नाव घातले होते. गाता गाता ते समोरच्या माणसाचे हात निरखीत. याखेरीज झुबिन डबल बेस हे व्हायोलिनच्या कुळातील सर्वांत थोर व खर्जाचे वाद्य शिकला. वृंदात सर्वांत मागे उभे राहून वाजवावयाचे हे वाद्य भावी संचालकाच्या फार उपयोगी पडले असावे. संगीताचा पाया कसा घातला जातो, हे तेथून ऐकू येते. १९५६ मध्ये हंगेरीतील उठावानंतर निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले, तेव्हा या वीस वर्षांच्या मुलाने विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवून त्यांच्यासाठी मैफल केली. दुःखितांपुढे जाऊन वाजविण्याची ही सवय पुढे आयुष्यभर राहिली.

१९५८ साली लिव्हरपूल येथील आंतरराष्ट्रीय संचालक-स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. मात्र पारितोषिकामागोमाग कीर्ती आली नाही. एक वर्षाची दुय्यम जागा मिळाली व नंतर पुन्हा वाट पाहणे आले. त्यांचे दैव उघडले ते इतरांच्या आजारपणामुळे. १९६० व १९६१ या दोन वर्षांत माँट्रियलला इगोर मार्केविच, लॉस एंजेलिसला फ्रिट्झ रायनर आणि इस्राएलमध्ये युजीन ऑर्मंडी हे ज्येष्ठ संचालक ऐनवेळी येऊ शकले नाहीत, आणि त्या त्या ठिकाणी या तरुण भारतीयास पाचारण करण्यात आले. ऐनवेळी बोलावलेल्या मनुष्याला तालमीस एक-दोन दिवस मिळतात. तेवढ्यात शंभर अनोळखी वादकांचा विश्वास संपादन करावयाचा असतो. मेहतांनी तो तिन्ही ठिकाणी केला आणि तिन्ही वाद्यवृंदांनी पुढे त्यांना आपले प्रमुखपद दिले. पंचविशी उलटण्यापूर्वी व्हिएन्ना आणि बर्लिन या दोन्ही नगरींच्या फिलहार्मोनिक वृंदांसमोर ते उभे राहिले होते.

१९६१ मध्ये ते माँट्रियल सिंफनीचे आणि १९६२ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीतदिग्दर्शक झाले. या दुसऱ्या नेमणुकीमागे एक कलह होता. ते पद आधी जॉर्ज शोल्टी या ख्यातनाम संचालकांना देऊ केले होते. परंतु आपणास न विचारता मंडळाने मेहतांना साहाय्यक नेमले, म्हणून शोल्टींनी राजीनामा दिला आणि ती जागा सव्वीस वर्षांच्या मेहतांकडे आली. संस्थेच्या कारभारातील अशा घटना मंडळे चालविणाऱ्या आपल्या वाचकांना नवलाच्या वाटणार नाहीत! पण योगायोगाने मिळालेले आसन मेहतांनी सोळा वर्षे, म्हणजे १९७८ पर्यंत, आपल्या कर्तृत्वाने भूषविले. १९६४ मध्ये त्या वृंदाला नवे भव्य सभागृह मिळाले आणि त्याच वर्षी वडील मेहलीही लॉस एंजेलिसला आले. तेथे त्यांनी तरुण वादकांसाठी 'अमेरिकन यूथ सिंफनी' स्थापन केली आणि ती तेहतीस वर्षे चालविली. मुंबईत जे रोप जगले नाही, ते कॅलिफोर्नियात फोफावले. शिक्षक तोच होता, जिद्द तीच होती. पाठीशी उभे राहणारे गाव मात्र निराळे होते.

आता त्यांच्या ध्वनिमुद्रिकांकडे वळू. आमच्यासारख्या, पाश्चात्त्य मैफलीपासून हजारो मैल दूर असलेल्या श्रोत्यांना मेहता भेटले ते तबकडीवरच. व्हिएन्ना फिलहार्मोनिकसमवेत १९६५ साली केलेली ब्रुकनरची नववी सिंफनी ही त्यांच्या आरंभीच्या महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांपैकी होय. १९६७ पासून डेका या इंग्रज कंपनीने लॉस एंजेलिसच्या वृंदाशी करार केला आणि तेथील विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये तबकड्यांची एक लखलखीत मालिका निघाली. रिचर्ड श्ट्राउस यांची 'आल्सो श्प्राख झाराथुस्त्रा' ही रचना त्यांनी १९६८ मध्ये मुद्रित केली. नीत्शेच्या ग्रंथावरून स्फुरलेल्या या रचनेच्या शीर्षकात जो जरथुष्ट्र आहे, त्याच्याच धर्मात मेहता जन्मले, हा योग मोठा मनोज्ञ आहे. आरंभी खर्जाचा एक दीर्घ घोष, त्यातून तुताऱ्यांचा तीन स्वरांचा उदय आणि मागून नगाऱ्यांचा गडगडाट, हा सूर्योदय ज्यांनी चांगल्या यंत्रावर ऐकला आहे, त्यांना ध्वनिमुद्रणाची कला म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

१९७१ साली त्यांनी गुस्ताव होल्स्ट यांची 'प्लॅनेट्स' ही सात ग्रहांवरील रचना मुद्रित केली. होल्स्ट हे संस्कृत शिकलेले इंग्रज रचनाकार; सावित्रीच्या आख्यानावर त्यांनी एक छोटी संगीतिकाही लिहिली आहे. स्त्राविन्स्की, व्हारेझ अशा विसाव्या शतकातील कठीण समजल्या जाणाऱ्या रचनाकारांच्या तबकड्याही याच मालिकेतील. व्हिएन्नात परतून १९७५ मध्ये त्यांनी मालरची दुसरी सिंफनी मुद्रित केली. मृत्यूच्या मिरवणुकीपासून पुनरुत्थानापर्यंतचा तो प्रवास त्यांच्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकांत गणला जातो. आणि वाचकांनी एकच तबकडी ऐकावयाची ठरविली, तर आम्ही हीच सुचवू.

ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचे संगीत नाटक. या क्षेत्रातील त्यांचे कार्य मराठी रसिकाला अधिक जवळचे वाटेल, कारण गाणाऱ्या नटाला सांभाळून घेणारा साथीदार किती मोलाचा असतो, हे आपण ऑर्गन व सारंगीच्या काळापासून जाणतो. १९६९ मध्ये व्हेर्दींचे 'इल त्रोवातोरे' आणि १९७२ मध्ये पुच्चिनींचे 'तुरांदोत' ही त्यांची ध्वनिमुद्रणे आदर्श मानली जातात. 'तुरांदोत'मध्ये जोन सदरलँड यांनी नायिकेची भूमिका गायिली. ती त्यांनी रंगभूमीवर कधीच केली नव्हती. नायक होते लुचियानो पाव्हारोत्ती. या मुद्रणातील पाव्हारोत्तींचे एक पद १९९० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी ब्रिटनच्या दूरचित्रवाणीने शीर्षकगीत म्हणून वापरले आणि ऑपेराचे नावही न ऐकलेल्या लोकांच्या तोंडी ते बसले. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, ७ जुलै १९९० रोजी, रोमच्या काराकाला स्नानगृहांच्या प्राचीन भग्नावशेषांत पाव्हारोत्ती, दोमिंगो व कारेरास या तीन गायकांची मैफल झाली. तिचे संचालन मेहतांनीच केले. तिची ध्वनिमुद्रिका अभिजात संगीताच्या सर्वाधिक खपलेल्या मुद्रिकांपैकी एक ठरली.

अशा लोकप्रियतेचे मोलही त्यांना द्यावे लागले. १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षे ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख होते. या काळात तेथील समीक्षकांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. त्यांचे संगीत बाहेरून झगमगते, पण आत खोल जात नाही. हेडन व मोझार्ट यांच्या नाजूक घडणीपेक्षा श्ट्राउसच्या भव्य आरासीत ते अधिक रमतात, असे म्हटले गेले. त्याआधी १९७० मध्ये फ्रँक झाप्पा या बंडखोर रॉक संगीतकाराबरोबर त्यांनी आपला वृंद उभा केला होता. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' या चित्रपटाच्या संगीताची मैफल केली होती. तेव्हाही सोवळ्या मंडळींच्या भुवया उंचावल्या होत्या. ही टीका सर्वस्वी निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या विपुल ध्वनिमुद्रिकांत काही घाईच्या, काही नेमस्त आहेत. परंतु अष्टपैलू कलावंताला एकाच पैलूच्या मापाने मोजणेही न्यायाचे नाही. ज्या हातांनी तीन गायकांची जत्रा सांभाळली, त्याच हातांनी न्यूयॉर्कचा निरोप घेताना शोएनबर्गची 'गुर्रेलीडर' ही शेकडो गायक-वादक लागणारी अवघड रचना उभी केली.

आणि येथेच मैहर पुन्हा भेटते. अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य पंडित रविशंकर यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी सतार व वाद्यवृंद यांची 'रागमाला' ही रचना केली. एप्रिल १९८१ मध्ये न्यूयॉर्क येथे तिचा पहिला प्रयोग झाला. सतारीवर रविशंकर आणि वृंदासमोर मेहता. पुढे लंडन फिलहार्मोनिकसमवेत दोघांनी तिची ध्वनिमुद्रिकाही काढली. ललत, बैरागी, यमनकल्याण आणि मियाँमल्हार अशा चार रागांवर ती उभी आहे. यातील अडचण संगीत जाणणाऱ्या वाचकांच्या सहज ध्यानी येईल. पाश्चात्त्य वादक लिहिलेल्या मात्रा मोजतो. आपला वादक आवर्तनाच्या पोटात खेळतो आणि समेवर परततो. एकाला पुढचे पान माहीत असते, दुसऱ्याला समेची जागा माहीत असते. या दोन रीतींच्या मध्ये उभे राहून दोघांना एकाच क्षणी एका ठिकाणी आणणे हे संचालकाचे काम. त्या रचनेविषयी मतभेद आहेत. रागाला स्वरसंवादाचे जड वस्त्र पेलत नाही असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण एका संस्थानी गावातील वृंदाचा वारसा आणि मुंबईच्या एका मोडलेल्या वृंदाचा वारसा न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर एकत्र आले, ही घटना भारतीय संगीताच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

मेहतांच्या कारकीर्दीचा सर्वांत दीर्घ अध्याय इस्राएल फिलहार्मोनिकचा. हा वृंद मेहतांच्या जन्माच्याच वर्षी, १९३६ मध्ये, ब्रोनिस्लाव्ह हुबरमन या व्हायोलिनवादकाने युरोपातून परागंदा व्हाव्या लागलेल्या ज्यू वादकांना एकत्र करून स्थापिला. वादकांनी सहकारी तत्त्वावर चालविलेली ही संस्था. मेहता १९६९ मध्ये तिचे संगीत-सल्लागार, १९७७ मध्ये संगीतदिग्दर्शक झाले. १९८१ मध्ये वृंदाने हे पद त्यांना तहहयात दिले आणि २०१९ मध्ये, पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर, ते स्वेच्छेने त्यातून मुक्त झाले. या अर्धशतकात कसोटीचे प्रसंग पुष्कळ आले. १९८१ मध्ये वागनरची एक रचना त्यांनी तेल अवीव येथे वाजवावयास घेतली. नाझींनी डोक्यावर घेतलेल्या त्या रचनाकाराचे संगीत छळछावण्यांतून वाचलेल्यांना असह्य होते. सभागृहात मोठा क्षोभ उसळला. कला निरपराध असते हे मेहतांचे म्हणणे, आणि स्मृती जखमी असते हे श्रोत्यांचे म्हणणे. दोन्ही खरी होती. वागनर तेथे त्यांनी पुढे रेटला नाही. १९९४ मध्ये, भारत व इस्राएल यांचे राजनैतिक संबंध जुळल्यानंतर दोन वर्षांनी, हाच वृंद घेऊन ते भारतात आले.

त्याच वर्षी जूनमध्ये, वेढा पडलेल्या सारायेव्हो नगरात, जळून गेलेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भिंतींत त्यांनी तेथील वादकांकडून मोझार्टचे 'रेक्विएम' वाजवून घेतले. १९९९ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीनजीक वायमार येथे जर्मन आणि इस्राएली वृंदांना शेजारी शेजारी बसवून मालरची तीच दुसरी सिंफनी सादर केली. सप्टेंबर २०१३ मध्ये श्रीनगरच्या शालिमार बागेत बव्हेरियाच्या वृंदासह त्यांची मैफल झाली. तीत काश्मिरी वादकांनाही स्थान होते. मात्र कार्यक्रम निमंत्रितांपुरता राहिल्याने आणि खोऱ्यातील परिस्थितीमुळे त्यावर वादही झाला. संगीताने युद्धे थांबत नाहीत, हे मेहतांना इतरांहून अधिक ठाऊक असणार. तरी ज्यांच्यात बोलणे थांबले आहे अशा माणसांना तासभर एका लयीत बसविता येते, एवढे त्यांनी पुनःपुन्हा करून दाखविले.

भारत सरकारने त्यांना १९६६ मध्ये पद्मभूषण आणि २००१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. सहा दशके परदेशात काढूनही त्यांनी भारतीय नागरिकत्व सोडले नाही. ऐंशी वर्षे पूर्ण झाली तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, ते आपला इस्राएली वृंद घेऊन मुंबईत वाजवावयास आले होते. या सगळ्याचा आपणास अभिमान वाटतो व तो रास्तच आहे. पण अभिमानाच्या भरात एक हिशेब नजरेआड होऊ नये, यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. मुंबईने झुबिन मेहतांना कान दिले. हात व्हिएन्नाने दिले. आणि वाद्यवृंद माँट्रियल, लॉस एंजेलिस, तेल अवीव, न्यूयॉर्क, फ्लॉरेन्स व म्यूनिक या नगरींनी दिले. व्हिएन्ना फिलहार्मोनिक १८४२ मध्ये सुरू झाली व आजही चालू आहे. तिचे वादक स्वतःच तिचा कारभार पाहतात. मेहलींच्या मुंबईला मात्र वाद्यवृंदाची निगा कायम राखणारी संस्था लाभली नाही. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' हा व्यावसायिक वृंद २००६ मध्ये स्थापिला, तेव्हा मेहलींच्या प्रयत्नाला एकाहत्तर वर्षे उलटून गेली होती, आणि त्यातील अनेक जागा परदेशी वादकांनी भराव्या लागल्या. मेहलींच्या नावाने मुंबईत १९९५ पासून एक प्रतिष्ठान मुलांना हे संगीत शिकवीत आहे. पण पिढी घडावयास पिढीच जावी लागते.

यात एक गोष्ट आणखी ध्यानात घेण्यासारखी आहे. झुबिन यांचे बंधू झरीन मेहता हे संगीतकार नव्हेत; ते हिशेबतपासनीस. त्यांनी माँट्रियल सिंफनीचे आणि पुढे २००० ते २०१२ न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे व्यवस्थापन केले. एका घरातून एक भाऊ छडी धरावयास गेला, दुसरा वह्या लिहावयास. वाद्यवृंदाला दोघेही लागतात. वादकांचे वेतन वेळेवर झाले नाही, सभागृहाचे भाडे थकले, वर्गणीदार दुरावले, तर मालरची सिंफनी कपाटातच राहते.

हे आम्ही रायपुरात बसून लिहीत आहोत, याला थोडा अर्थ आहे. मराठी माणूस या प्रांतात भोसल्यांच्या राज्यासोबत आला, पुढे कचेऱ्या, रेल्वे आणि शाळा यांच्या निमित्ताने येत राहिला. त्याने येथे जे पेरले ते येथल्याच मातीत वाढले. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले ते हिंदीत. खैरागढच्या राजदंपतीने आपला राजवाडा देऊन १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभारले, तेव्हा त्याच्या आरंभीच्या काळात कुलगुरुपद भूषविणारे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे भातखंड्यांचे शिष्य, तेही मुंबईचेच. ती संस्था आजही विद्यार्थी घडवीत आहे. मेहली मेहता व रातंजनकर हे एकाच नगरीतले, जवळजवळ समवयस्क संगीतकार. एकाला नगरीत पाठबळ मिळाले नाही म्हणून त्याचे कार्य सातासमुद्रांपलीकडे रुजले. दुसऱ्याला आमच्या या आडवळणाच्या प्रदेशात एका राजवाड्याचे दार उघडे मिळाले. कलावंताच्या गुणांचा हिशेब चरित्रकार करतातच. ते दार कोणी उघडले, याचा हिशेब संस्थांनी ठेवावयाचा असतो.

आमचे मंडळ पन्नास वर्षांचे झाले. या काळात येथे गणेशोत्सव झाले, नाटके बसली, गाण्याचे वर्ग निघाले, काही बंद पडले आणि पुन्हा निघाले. यांतून कोणी झुबिन मेहता निर्माण झाला काय, असे कोणी विचारले तर आमच्यापाशी उत्तर नाही. परंतु दर बुधवारी सतरंजी घालणारा, पेटीचा भाता दुरुस्त करून आणणारा, वर्गणीची पावती फाडणारा कार्यकर्ता येथे पन्नास वर्षे टिकून आहे, हे आम्ही सांगू शकतो. तो टिकून आहे तोवर, या गावच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला, कान तयार झाल्यावर निदान पहिल्या तालमीसाठी तरी गाव सोडून जावे लागणार नाही.